टेबल बुक करायच्या आधी: तुम्हाला किती 'खरं' हवंय आणि किती रूल्स झेपतात

नमस्कार. आमच्याकडे वीकेंडला फँटसी रोलप्लेइंगचे टेबल लागतात, म्हणजे काल्पनिक जगातलं एकेक कॅरेक्टर घेऊन डाइस टाकत गोष्ट खेळायची. जीएम (गेम मास्टर, खेळ चालवणारा) आमचा, पुस्तकं आमची, तुम्ही फक्त यायचं. आता टेबल मोडतात, म्हणजे ग्रुप फुटतो, ते बहुतेक वेळा कोणाला ना कोणाला सुट्टी मिळत नाही म्हणून, त्याला आपला इलाज नाही. पण त्याच्या खालोखाल जे कारण येतं ते टाळता येण्यासारखं आहे. एकाच टेबलवर दोन जण दोन वेगळे खेळ खेळायला आलेले असतात, आणि मग ऐन लढाईत एकाच्या तोंडून निघतं, "पण हे रिअलिस्टिक नाहीये ना!" दुसरा लगेच म्हणतो, ड्रॅगन चालतो तुला आणि हे चालत नाही होय? झालं, अर्धं सेशन त्यातच जातं.

ते ड्रॅगनवालं उत्तर आम्हाला पटत नाही, आधीच सांगून टाकतो. ड्रॅगन उडतो हे त्या जगात ठरलेलं आहे, सगळ्यांना माहितीये. पण त्याच जगात कड्यावरून पडल्यावर काय होतं हे कोणी वेगळं सांगितलेलं नसतं, त्यामुळे प्रत्येक जण आपापल्या डोक्यातलं उत्तर धरून बसतो की हाडं मोडणार, संपला माणूस. आणि मग जीएम रूल काढतो.

तो रूल बघाच एकदा. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, या प्रकारातला मूळ खेळ) पाचवी एडिशन, 2014 ची. पडलात तर दर 10 फुटांना एक सहा बाजूंचा डाइस, जास्तीत जास्त 20 डाइस. म्हणजे 200 फुटांवरून पडा नाहीतर 2000 वरून, सरासरी डॅमेज, म्हणजे लागणारा मार, 70. दहाव्या लेव्हलचा, म्हणजे चांगला मुरलेला, फायटर, कॉन्स्टिट्यूशन (अंगातला दम) 16, त्याचे हिट पॉइंट्स (किती मार सोसतो तो आकडा) साधारण 94. म्हणजे गडी उडी मारतो, उठतो, कपडे झटकतो, उरलेली मारामारी करतो, रात्री आठ तासांची लाँग रेस्ट घेतो आणि सकाळी ठणठणीत. याच्यावर हसणारे पण येतात आमच्याकडे आणि याच्यासाठीच येणारे पण येतात, दोघंही बरोबर आहेत, फक्त त्यांना एका टेबलवर बसवायचं नाही एवढंच.

हे असं का झालं त्याला कारण आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी 1974 साली डी अँड डी काढलं ते सैन्याच्या लढाईच्या खेळांमधून, आणि हिट पॉइंट्सची कल्पना अर्नसनच्या सांगण्याप्रमाणे जहाजांच्या लढाईच्या रूल्समधून आली. जहाज गोळे खात खात तरंगत राहतं आणि मग एकदम बुडतं, माणसाचं तसं नसतं. गायगॅक्सला हे कळत होतं, 1979 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये त्याने स्वतःच लिहिलंय की हे पॉइंट्स म्हणजे नुसतं मांस नाही, त्यात कसब, नशीब, देवाची कृपा सगळं आलं. ठीक आहे, लढाईत हे चालून जातं, वार निसटता लागला असं म्हणता येतं. 200 फुटांवरून मात्र कोणी निसटतं पडत नाही.

ज्यांना हे पटलं नाही त्यांनी लगेच दुसरे खेळ काढले. 1978 साली रूनक्वेस्ट आलं, त्याच्या मागचा स्टीव्ह पेरिन हा वेताच्या तलवारी घेऊन खरोखर अंगावर चिलखत चढवून खेळणाऱ्या मंडळींपैकी होता आणि ते रूल्समध्ये दिसतं. वार कुठे लागला त्याचा वेगळा वीस बाजूंचा डाइस, 19 किंवा 20 आलं की डोकं. हाताचे पायाचे पॉइंट्स वेगळे, पायाचे संपले की तुम्ही खाली, बाकी अंग कितीही धडधाकट असू दे. आणि मुख्य म्हणजे अनुभवाने तुमचं कसब वाढतं, हिट पॉइंट्स काही ढिगाने वाढत नाहीत, मुरलेला योद्धा सुद्धा तीन शेतकऱ्यांना वचकून असतो. मग 1980 ला रोलमास्टरवाल्यांचं आर्म्स लॉ, प्रत्येक शस्त्राचा स्वतंत्र तक्ता आणि त्यात चिलखताचे 20 प्रकार, वार जोरात लागला की क्रिटिकलचा, म्हणजे गंभीर जखमेचा, आणखी एक तक्ता. 1986 च्या हार्नमास्टरमध्ये तर हिट पॉइंट्सच नाहीत, जखमा मोजतात आणि जखम चिघळली की काय तेही बघतात. आमच्या एका जीएमचा हा जीव की प्राण, पण एक लढाई संपेपर्यंत चहा दोनदा होतो हे तोही कबूल करतो.

आता इथे लोकांचा घोळ होतो. रूल्स जास्त म्हणजे खेळ जास्त खरा, असं काही नाहीये. पहिल्या अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डी मध्ये वजनाचा सगळा हिशोब सोन्याच्या नाण्यांत, दोन हातांच्या तलवारीचं वजन 250 नाणी, दहा नाण्यांचा एक पाउंड, म्हणजे 25 पाउंड, अकरा किलोच्या वर! त्यात बोजडपणा धरला होता हे मान्य, पण तशा खऱ्या तलवारी साधारण दोन ते तीन किलोच्या असतात. हिशोब काटेकोर पण आकडाच भलता. पाचव्या एडिशनमध्ये ती 6 पाउंडांची आहे, जवळपास बरोबर, आणि गंमत म्हणजे तिथे वजन कोणी मोजतच नाही. उलट जड क्रॉसबो घ्या. खरी दणकट क्रॉसबो चरक्याने दोरी मागे ओढून भरायची तर बराच वेळ जातो, आणि आपला पाचव्या लेव्हलचा फायटर एक फीट (जादा कसब) घेऊन सहा सेकंदांच्या राउंडमध्ये, म्हणजे लढाईच्या एका फेरीत, दोन बाण मारतो. याने कोणाची झोप उडत नाही. पडण्याने उडते. सगळं खरं कोणालाच नको असतं, प्रत्येकाला दोन-तीनच गोष्टी खुपतात, त्या कुठल्या ते आम्हाला कळलं तर काम सोपं.

आणि हलक्या रूल्सचा खेळ म्हणजे लहान मुलांचा असंही समजू नका. केर्न म्हणून एक पातळ पुस्तिका आहे, 2020 ची, फुकट मिळते. त्यात वार लागला की नाही याचा रोलच नाही, वार लागतोच, थेट डॅमेज. आधी थोडे पॉइंट्स जातात ते म्हणजे तुम्ही वार चुकवत होतात, ते संपले की ताकदच कमी होत जाते आणि तिथून एक रोल चुकला की माणूस आडवा. सामान ठेवायला दहा जागा, त्यात दोरी घ्यायची की जेवण हे तुम्ही ठरवा. रूल्स एवढेसे, पण आमच्याकडे सगळ्यात घाबरत घाबरत खेळणारं टेबल हेच, लोक दार उघडायच्या आधी दहा प्रश्न विचारतात. डंजन वर्ल्ड (2012) पण हलकंच पण त्याचा रोख वेगळा, दोन डाइस, 10 किंवा वर आलं की जमलं, 7 ते 9 आलं की जमलं पण काहीतरी किंमत मोजा. तिथे प्रश्न खरं-खोट्याचा नसतोच, पुढे काय मजा होईल याचा असतो. ज्याला तक्ते आवडतात त्याला इथे हात बांधल्यासारखं वाटतं, आधीच सांगितलेलं बरं.

एक नेहमीची मागणी, "माझ्या कॅरेक्टरला दांडपट्टा पाहिजे". जरूर. पाचव्या एडिशनच्या टेबलवर आम्ही तो लाँगस्वर्डच्या जागी धरतो, आठ बाजूंचा डाइस, विषय संपला. पण पट्ट्याची मूठ म्हणजे कोपराच्या अलीकडपर्यंत हात झाकणारं लोखंड, मनगट वळत नाही, वार सगळा खांद्यातून आणि कमरेतून येतो. म्हणून तपशीलवाल्या टेबलवर आमचा हाऊस रूल (पुस्तकात नसलेला, आमचा स्वतःचा) असा की पट्टा हातातून उडवणं जवळपास अशक्य, पण त्या हाताने दुसरं काहीही पकडता येणार नाही, मशाल नाही, दोर नाही, दाराची कडी नाही, आणि अरुंद भुयारात तो फिरवायला जागा लागते म्हणून रोल वाईट. हा रूल ऐकून तुमचे डोळे चमकले तर तुमचं टेबल ठरलं. जांभई आली तरी ठरलं.

मोजदादीचं पण असंच. बाण, जेवण, मशाली मोजायच्या म्हटलं की निम्मे लोक नाक मुरडतात. पण 2023 च्या शॅडोडार्कमध्ये मशाल खऱ्या घड्याळाने एक तास जळते, आम्ही मोबाइलवर टायमर लावून टेबलवर ठेवतो, मग बघा गप्पा कशा कमी होतात. तेच वहीत खाडाखोड करायला लावलं तर कंटाळा. त्यामुळे "सामान मोजणार का" याचं नुसतं हो-नाही नका कळवू, काय मोजायचं तेही सांगा.

अजून एक, पाचव्या एडिशनच्या टेबलवर बरेच जण "ग्रिटी रिअलिझम लावा" असं लिहून पाठवतात. हा ऑप्शन 2014 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये आहे, शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) 8 तासांची, लाँग रेस्ट 7 दिवसांची. नाव भारी आहे पण याने जखमा खऱ्या होत नाहीत, पाय मोडत नाही, फक्त सगळं हळू परत मिळतं. विझर्डवाल्याला (जादूगार खेळणाऱ्याला) मोठे स्पेल, म्हणजे मंत्र, आठवड्यातून एकदाच, त्याचं तोंड उतरलेलं असतं. प्रवास, राजकारण, महिने महिने चालणारी कथा असेल तर झकास, एका भुयारात चार सेशन काढायचे असतील तर घेऊ नका.

तर बुकिंगच्या मेसेजमध्ये आवडती एडिशन वगैरे नंतर लिहा, आधी हे लिहा की तुमचं कॅरेक्टर मेलेलं चालेल का, एक लढाई किती वेळ चाललेली आवडते, आणि कुठली गोष्ट खोटी वाटली की तुमचा मूड जातो. ग्रुपने येत असाल तर प्रत्येकाने वेगळं लिहा, ग्रुपमधला बोलका माणूस सगळ्यांच्या वतीने लिहितो आणि बाकीचे टेबलवर आल्यावर बोलतात असा अनुभव आहे. उत्तरं फार लांब-लांबची आली तर आम्ही दोन टेबल सुचवू, वाईट वाटून घेऊ नका, मित्र शेजारच्याच टेबलवर असेल.

सेशन झिरोचे, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या तयारीच्या बैठकीचे, पैसे घेत नाही. त्यात कॅरेक्टर बनवतो, एक छोटी लढाई खेळून बघतो आणि पडणं, विश्रांती, मरण या तीन गोष्टींचे रूल्स कागदावर लिहून सगळ्यांसमोर ठेवतो. तो कागद नंतर बदलता येतो पण दोन सेशनच्या मधे, लढाई चालू असताना नाही. पुस्तक विकत घ्यायची घाई करू नका, पाचव्या एडिशनचे बेसिक रूल्स आणि केर्न दोन्ही फुकट वाचायला मिळतात. डाइस आमच्याकडे आहेत, पेन्सिल मात्र घेऊन या, कारण इथल्या कायम गायब होतात.