परिचर्येतील ज्ञानमार्ग

रुग्णाची शुश्रूषा करताना परिचारिका त्याच्याविषयी निरनिराळ्या वाटांनी जाणून घेते आणि त्यावरून काय करायचे ते ठरवते. परिचर्याशास्त्रात या वाटांना ज्ञानमार्ग म्हणतात. अमेरिकेतील अभ्यासक बार्बरा कार्पर यांनी १९७८ मध्ये त्यांचे चार प्रकार मांडले : शास्त्रीय, कलात्मक, वैयक्तिक आणि नैतिक. समोरच्या माणसाविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही असे धरून सुरुवात करावी, हा ‘अजाणपणा’चा मार्ग पॅट्रिशिया मनहॉल यांनी १९९३ मध्ये सुचवला. जिल व्हाइट यांनी १९९५ मध्ये सामाजिक-राजकीय ज्ञानाची भर घातली. ही विभागणी वर्गात शिकवायला सोयीची आहे. वॉर्डात मात्र हे मार्ग एकमेकांत मिसळलेलेच असतात. मराठवाड्यातील सर्पदंशाच्या रुग्णांत हे नेमके पाहायला मिळते.

खरिपाच्या दिवसांत शेतात किंवा घरात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दंश फारसा दुखत नाही आणि खूणही दिसेलच असे नाही. पहाटे पोटात दुखू लागते, घसा जड होतो, बोलणे बोबडे होते. ‘पित्त झालं असंल’ म्हणून घरचे थांबतात. काही जण आधी कडुनिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष चढलेले नाही, असा समज आहे. दवाखान्यात आणेपर्यंत पापण्या मिटू लागलेल्या असतात आणि नातेवाईक सांगतात, ‘रात्रभर झोप नाही सिस्टर, जरा पडू द्या त्याला.’ अनुभवी परिचारिका त्याला पडू देत नाही. ‘दादा, डोळे उघडा. वर बघा. आता उशीवरून मान उचला.’ पापणी अर्ध्यावर अडकते, मान उचलत नाही. हा झोपेचा प्रकार नसून स्नायू लुळे पडू लागल्याची खूण आहे. पुढची पाळी श्वासाच्या स्नायूंची असते. त्यामुळे डॉक्टरांना हाक मारणे आणि कृत्रिम श्वसनाची तयारी करणे एकाच वेळी सुरू होते.

यातला शास्त्रीय भाग पुस्तकात सापडतो. भारतात वापरली जाणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. लहान मुलाला मोठ्या माणसाइतकीच मात्रा लागते, कारण सापाने सोडलेले विष माणसाच्या वजनावर ठरत नाही. घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय असेल, तर कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन ते २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करून पाहतात. रक्त गोठलेले नसेल तर विषाचा परिणाम झाला आहे. लस सुरू होताच अंगावर गांधी, खाज, थंडी किंवा रक्तदाब घसरणे यांवर नजर ठेवावी लागते आणि ही प्रतिक्रिया आवरणारे अ‍ॅड्रेनलिन हाताशी लागते.

ही झोप नेहमीची नाही हे चेहरा पाहून उमगणे, ते कलात्मक ज्ञान. तपासण्यांनी पुष्टी मिळण्याच्या आधी ते येते. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकेच्या नवशिकेपणापासून तज्ज्ञतेपर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या, त्यांतील वरच्या पायरीवरचे हे जाणणे आहे.

नैतिक बाजू लोकांना वाटते तितकी सोपी नाही. मांत्रिकाकडे तास-दीड तास घालवून आलेल्या कुटुंबावर ओरडायची इच्छा होणारच. पण ओरडले की ते गप्प होतात. पाय किती वेळ आवळून बांधला होता, कोणता पाला चोळला, काय पाजले, हे मग कोणी सांगत नाही. उपचाराला तर हीच माहिती हवी असते.

बाळंतिणीच्या वॉर्डात वेगळ्या तडजोडी चालतात. परंपरा जपायची, तिच्याशी जुळवून घ्यायचे की ती बदलायची, असे तीन पर्याय परिचर्येच्या अभ्यासक मॅडलीन लायनिंजर यांनी मांडले आहेत. डिंकाचे लाडू जपावेत. बाजेखालची शेगडी धुराविना किंवा बाळापासून दूर चालेल. चीक, म्हणजे बाळंतपणानंतरचे पहिले दूध, पिळून टाकणे आणि मध किंवा घुटी चाटवणे मात्र थांबवावेच लागते, आणि तेही बाळंतिणीला नव्हे, तिच्या सासूला सांगून : ‘आजी, चीक म्हणजे बाळाची पहिली लस समजा, सांडू नका.’

सामाजिक-राजकीय ज्ञानाविना केलेला सल्ला किती पोकळ ठरतो, हे बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांबाबत दिसते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरीचा एकच हिशेब. मजूर गोळा करणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडायची असते आणि एक दिवस काम चुकले तर खाडा, म्हणजे दंड, लागतो. अशा बाईला ‘आठ दिवस आराम करा’ सांगणे आणि काहीच न सांगणे सारखेच. या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण चिंतेचा विषय झाल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अंगावरून जाते, पाळीत फार त्रास होतो, या तक्रारींच्या मुळाशी पाहिले तर उसाच्या फडावर ना शौचालय असते ना पुरेसे पाणी. हे ठाऊक असलेली परिचारिका दिवाळीनंतर टोळ्या निघण्याआधीच रक्तदाबाच्या गोळ्या आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यायला सांगते.

वर्गीकरणावर आक्षेपही आहेत. अनुभवातून जाणण्याची क्षमता येते तसे पूर्वग्रहही येतात. प्रसूतिकक्षात ‘ही उगाच ओरडते’ हा निष्कर्षही अनुभवी तोंडूनच निघतो आणि कधी कधी ती बाई खरोखरच संकटात असते. अशा वेळी वैयक्तिक ज्ञान, म्हणजे स्वतःचा राग, थकवा आणि जातीपातीचे संस्कार ओळखणे, उपयोगी पडते. परिचर्या-शिक्षणात सर्वांत कमी शिकवला जाणारा मार्ग बहुधा हाच.

दुसरी अडचण नोंदीची. नाडी, ताप, सलाईन, लघवीचे प्रमाण कागदावर उतरते. ‘सात नंबरच्या बाबांनी दुपारचं जेवण तसंच परत पाठवलं, मुलगा दोन दिवस फिरकला नाही’ हे ड्यूटी बदलताना ‘ओव्हर’ देताना, म्हणजे पुढच्या पाळीच्या परिचारिकेकडे रुग्ण सोपवताना, तोंडी सांगितले जाते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात ३ रुग्णांमागे १ परिचारिका हवी. छत्रपती संभाजीनगरच्या घाटीसारख्या रुग्णालयात आसपासच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात, आणि सरकारी वॉर्डात रात्रपाळीला एकाच परिचारिकेकडे कितीतरी खाटा असणे नवलाचे नाही. मग ओव्हर आटोपती होते आणि जेवण परत गेल्याचे सांगायचे राहून जाते.