मनगटावरचा ‘ताण’ आला कुठून?

दादरला फास्ट लोकलमधून धक्के खात उतरावं आणि मनगटावरच्या घड्याळाने ‘ताण जास्त’ असं बजावावं, हे आता नित्याचं झालंय. (ते कळायला घड्याळ कशाला हवं, ही गोष्ट वेगळी.) हा आकडा बहुतेकदा निघतो हार्ट रेट व्हेरिएबिलिटीमधून, म्हणजे एचआरव्हीतून. नाडी मिनिटाला ६० असली तरी प्रत्येक ठोका नेमका १००० मिलिसेकंदांनी पडत नाही. एखादा ९५०ला येतो, एखादा १०४०ला. श्वास घेताना गती किंचित वाढते, सोडताना मंदावते. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविगने १८४७मध्ये कायमोग्राफवर, म्हणजे फिरत्या नळकांड्यावर आलेख काढणाऱ्या यंत्रावर, हे कुत्र्यात नोंदवलं होतं. सावकाश करणारा हात मुख्यतः व्हेगस नर्व्हचा, म्हणजे मेंदूतून हृदयापर्यंत येणाऱ्या, शरीर शांत करणाऱ्या नसेचा.

पण या चढउताराला वैद्यकीय वजन आलं ते प्रसूतिगृहात. १९६०च्या दशकात हॉन आणि ली या संशोधकांना दिसलं, की गर्भ संकटात असताना हृदयगती बदलण्याआधीच ठोक्यांमधल्या अंतरातला फरक कमी होतो. पुढे होल्टरमुळे, म्हणजे अंगावर बाळगायच्या ईसीजी यंत्रामुळे, २४ तासांचा ईसीजी घेणं शक्य झालं आणि १९८७मध्ये क्लायगर व सहकाऱ्यांचा अभ्यास आला. हार्ट अटॅकमधून वाचलेले ८०८ रुग्ण. ठोक्यांमधल्या अंतराचं प्रमाण विचलन (सरासरीपासून ते किती हलतं याचं माप) ५० मिलिसेकंदांखाली असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका १००च्या वर असलेल्यांच्या पाचपटीहून जास्त होता. इथे प्रश्न एवढाच होता, की रुग्ण जगेल का. बॉस, कर्ज आणि मुलांच्या परीक्षा त्यात नव्हत्या.

ताणाकडे वळण मिळालं ते त्याआधीच, १९८१मध्ये संशोधक अक्सेलरॉड आणि सहकाऱ्यांनी या चढउताराचं वर्णपट विश्लेषण केल्यावर, म्हणजे त्याची वेगवान आणि संथ लहरींत फोड केल्यावर. ०.१५ ते ०.४ हर्ट्झचा (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा) वेगवान भाग व्हेगसचा, ०.०४ ते ०.१५चा संथ भाग ‘लढा किंवा पळा’वाल्या सिंपथेटिक यंत्रणेचा, अशी सोपी वाटणी पुढे रूढ झाली. संथ भागिले वेगवान हे गुणोत्तर म्हणजे ताणाचा तराजू! १९९६मध्ये युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या दोन हृदयरोग संघटनांनी मोजमापाचे निकष ठरवले. तराजूवर मात्र पुढे बरीच टीका झाली, कारण संथ भागात व्हेगसचाही मोठा वाटा असतो.

आपल्याकडेही ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नाडीतले असे बदल टिपणारं उपकरण तयार झालं. आजचं घड्याळ ईसीजीऐवजी बहुधा त्वचेवर प्रकाश टाकून रक्ताची ये-जा मोजतं. हात हलला की गोंधळतं, म्हणून झोपेतलं मोजमाप बरं. त्यातही वय, ताप, रात्रीची दारू या सगळ्यांनी आकडा हलतो. एका दिवसाच्या आकड्यावरून जुनाट ताण ठरत नाही. शेजाऱ्याशी तुलना तर फुकटच. स्वतःचा काही आठवड्यांचा कल पाहावा.

तराजूची सर्वात मोठी गंमत शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर दिसेल. मिनिटाला ६ श्वास या गतीने कुणी शांतपणे प्राणायाम करत असेल, तर त्याचा श्वास ०.१ हर्ट्झवर, म्हणजे नेमका संथ पट्ट्यात पडतो. जुन्या गुणोत्तराच्या हिशोबाने तो माणूस भयंकर ताणात असतो.