अकरावी प्रवेशाचा वाद : पार्श्वभूमी

दहावीच्या टक्क्यांवर अकरावी, हे मुंबई-पुण्यात वर्षानुवर्षं गृहीतच होतं. पुढे सीबीएसई, आयसीएसई अशा इतर मंडळांच्या शाळा वाढल्या, तिथली मुलंही नामवंत कॉलेजांच्या रांगेत आली आणि कटऑफमध्ये आपली मुलं मागे पडतात, अशी राज्य मंडळाच्या पालकांची ओरड सुरू झाली. 2008 मध्ये सरकारने पर्सेंटाइलचं, म्हणजे आपल्याच मंडळातल्या इतर मुलांच्या तुलनेत गुण मोजायचं सूत्र आणलं, 2009 मध्ये नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना राखून ठेवल्या. दोन्ही निर्णय उच्च न्यायालयात टिकले नाहीत.

खरी जुंपली ती 2010 च्या ‘बेस्ट फाइव्ह’वरून. सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाचांचीच टक्केवारी धरायची, असा तो नियम. प्रत्येक विषय शंभर गुणांचा धरू. पाच विषयांत 92 आणि हिंदीत 68 पडले, तर जुन्या हिशेबाने 88 टक्के, नव्याने थेट 92. चार टक्क्यांत मुंबईत कॉलेज बदलतं. ही सोय एकाच मंडळासाठी केली, असा इतर पालकांचा आक्षेप होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. जूनमध्ये उच्च न्यायालयाने नियम रद्द केला, जुलैत सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. तोवर प्रवेश खोळंबले. पण राज्य मंडळाच्या आतली दरी यातून कशी बुजणार होती? टक्के सगळ्यांचेच वाढले. ज्या शाळेत गणिताला शिक्षकच नाही, तिथल्या मुलीला एक विषय वगळायची मुभा मिळून काय उपयोग? वाद मात्र मंडळामंडळांतच फिरत राहिला.

2019 मध्ये भाषा आणि समाजशास्त्रांचे शाळेच्या हातातले 20 गुण काढले, तर दहावीचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर घसरला. लगेच पुढच्या वर्षी ते गुण परत आले.

2021 मध्ये कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही. निकाल लागला 99.95 टक्के! मग सरकारने 21 ऑगस्टला शंभर गुणांची ऐच्छिक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी ठेवली, तीही राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर. 10 ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि त्या वर्षी राज्य मंडळाच्या मुलांचे प्रवेश शाळांनी नववी-दहावीत दिलेल्या गुणांवरच झाले. 2025 पासून केंद्रीय ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाला. तालुक्याच्या गावीही आता अकरावीसाठी पसंतिक्रम भरावे लागतात.