मेणाच्या पातेल्याला नळ बसवला, पण मेण बाहेर का येईना?

गेल्या दिवाळीच्या आधी लालबागला मावशीकडे गेलो होतो. तिचा कप कँडलचा छोटा घरगुती उद्योग आहे, दिवाळीच्या महिनाभर आधीपासून खोलीत नुसते काचेचे ग्लास, वाती आणि मेणाच्या लाद्या. पाच लिटरचं जाड ॲल्युमिनियमचं पातेलं, खाली थर्मोस्टॅटवाली इलेक्ट्रिक शेगडी, आणि मेण वितळलं की ते सगळं पातेलं सांडशीने उचलून ग्लासात ओतायचं. गरम मेणाने भरलेलं चार किलोचं भांडं हातात घेऊन वाकायचं, ते सुद्धा साठीच्या बाईने, मला बघवेना. म्हटलं मावशी, याला खाली नळ बसवूया, पिंपाला असतो तसा.

नागदेवी स्ट्रीटवर जाऊन सामान आणलं. टाकीला लावतात तो अर्धा इंची टँक निपल, म्हणजे भिंतीतून आरपार जाणारी आट्यांची नळी, ती आवळायला दोन चेकनट, वॉशर, टेफ्लॉन टेप आणि बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे आतला भोकाचा गोळा फिरवून उघडतो तो नळ. एक गोष्ट आधीच सांगतो, अर्धा इंची म्हणजे साडेबारा मिमीचं भोक असं समजून ड्रिल मारू नका, हे माप आतल्या पोकळीच्या हिशोबाचं आहे, बाहेरून आटे जवळजवळ २१ मिमीचे असतात, भोक तेवढं लागतं. निपल मी स्टीलचा घेतला, चांगला १० सेंटीमीटर लांब, म्हणजे ग्लास खाली नीट धरता येईल. पाणी भरून रात्रभर ठेवलं, एक थेंब गळला नाही.

दुसऱ्या दिवशी मेण टाकलं, वितळलं, थर्मामीटर ७५ दाखवतोय, मावशीने ग्लास धरला, मी नळ उघडला आणि काहीच नाही. वरून बघितलं तर मेण पाण्यासारखं पातळ, आणि नळातून थेंब नाही. ऑक्टोबर हीट, खोलीत ३४ डिग्री असेल, आम्ही घामाने निथळतोय, पंखा फुल स्पीडवर, आणि नळातलं मेण मात्र थंडीने गोठलंय!

आपल्याला ३४ डिग्री म्हणजे भट्टी वाटते, पण मेणबत्तीचं नेहमीचं पॅराफिन साधारण ५५ ते ६० डिग्रीला वितळतं, त्याच्या दृष्टीने मुंबईचा ऑक्टोबर पण गारठाच. पातेलं खालून तापतंय पण बाहेर आलेला नळ कोण तापवतंय? त्याला उष्णता मिळायला दोनच रस्ते, एक आतल्या मेणातून आणि दुसरा नळीच्या धातूतून. मेण हा रस्ता जवळजवळ बंदच, कारण मेण उष्णतेचं फार वाईट वाहक आहे, स्टीलच्या तुलनेत सत्तर-ऐंशी पट वाईट. म्हणजे पातेल्यात कितीही गरम मेण असलं तरी नळीतल्या गोठलेल्या बुचातून ती उष्णता पुढे सरकत नाही. राहिला धातू. आणि इथे माझी चूक होती ती स्टेनलेस स्टील घेण्याची. चकचकीत दिसतं म्हणून आपण स्टील घेतो पण धातूंमध्ये ते उष्णतेच्या बाबतीत मंद आहे, पितळ त्याच्या सातपट तरी उष्णता पुढे नेतं.

घरी येऊन कागदावर ढोबळ हिशोब केला. साधी १० सेंटीमीटरची नळी, भिंत ३ मिमी जाड, पातेलं ७५ ला, खोली ३० ला धरली, पंखा बंद. स्टीलच्या नळीचं बाहेरचं टोक येतं सुमारे ४७ डिग्रीला, म्हणजे मेण गोठणारच. तीच नळी पितळेची असेल तर टोक येतं ६८ च्या आसपास, मेण पातळ राहणार. फरक फक्त धातूचा! आता पंखा लावा, हवा जोरात फिरली की नळीतून उष्णता दोन-अडीच पट वेगाने जाते, मग पितळेचं टोक पण ६१ वर उतरतं, काठावर पास, आणि स्टीलचं तर ३७ वर. खरा व्हॉल्व्ह याहून जड असतो, हँडल बाहेर येतं, तेही आजूबाजूच्या हवेत उष्णता फेकतं, म्हणून प्रत्यक्षात आकडे थोडे कमीच धरा. पण दिशा तीच.

म्हणून दुसऱ्या फेरीत चार बदल केले. पितळी निपल, तोही तोकडा, मिळेल तेवढा आखूड, कारण लांबी अर्धी केली की टोक पातेल्याच्या खूप जवळच्या तापमानाला येतं. नळाभोवती ग्लासवूलची पट्टी आणि वर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळली. नळीची आतली पोकळी अर्ध्या इंचाचीच ठेवली, बारीक नाही, कारण बारीक नळीत मेण थोडं आणि घेर त्यामानाने जास्त, ती लवकर गोठते. आणि ओतायच्या वेळी पंखा बंद. मावशी पंखा बंद करायला तयार नव्हती, तिला हा हिशोब समजावून सांगितला तेव्हा म्हणाली, अरे मग चहा फुंकून गार करतो तसंच की हे. अगदी तेच.

ज्यांना आणखी खात्री पाहिजे त्यांनी मोठ्या टोपात पाणी ठेवून आत मेणाचा डबा बसवावा, आणि निपल बाहेरच्या टोपाच्या भिंतीतून पण काढावा, म्हणजे निपलचा बहुतेक भाग गरम पाण्यात बुडालेला राहतो आणि फक्त व्हॉल्व्ह बाहेर. शिवाय पाणी १०० च्या वर जात नाही त्यामुळे मेण पण जात नाही, ही मोठी सेफ्टी आहे. मात्र दोन ठिकाणी भोकं पाडावी लागतात आणि दोन्ही न गळणारी पाहिजेत.

गळण्याचं तर वेगळंच प्रकरण आहे. पाण्याला रात्रभर न गळलेला जॉइंट मेणाला पहिल्या तासात झिरपला. पाण्याचा पृष्ठताण चांगला जास्त असतो, ते बारीक फटीत सहज शिरत नाही, थेंब धरून बसतं. वितळलेल्या मेणाचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी, आणि ते धातूवर तेलासारखं पसरतं, आट्यांच्या फटीतून वाट काढत जातं. त्यात ॲल्युमिनियमचं पातेलं तापून पितळेपेक्षा थोडं जास्त फुगतं, पकड बदलते. म्हणून पाण्याची टेस्ट पास झाली तरी भरवसा नको, थोडं मेण घेऊन गरम टेस्ट करा आणि चेकनट गार झाल्यावर पुन्हा आवळा. वॉशर साध्या रबराचा नको, पॅराफिन हे पेट्रोलियमचंच बाळ, त्यात रबर फुगतं आणि मऊ पडतं, टेफ्लॉनचा वॉशर घ्या. आणि गळतंय म्हणून बाहेरून इपॉक्सीचा थर लिंपू नका, साधं इपॉक्सी ६० डिग्रीच्या आसपासच नरम पडायला लागतं. पातेलं गोल असतं ना, सपाट वॉशर त्यावर दोनच बाजूंनी टेकतो, त्यामुळे भोकाभोवतीचा भाग आतून लाकडाचा ठोकळा धरून हळूहळू ठोकून सपाट करून घेतला तर निम्मा त्रास संपतो.

भोक अगदी तळाशी नको, एक-दीड सेंटीमीटर वर. वातीचे तुकडे, कचरा तळाला बसतो, आणि चुकून मेणात पाणी गेलं असेल तर तेही तळालाच, कारण पातळ मेण पाण्यापेक्षा हलकं असतं. नळ तळाशी असेल तर पहिल्या मेणबत्तीत पाणीच जाणार, मग ती तडतडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्या दिवशी शेगडी चालू करताना. पातेल्यात मेणाचा घट्ट गड्डा, शेगडी खालून तापवते, खालचं मेण आधी वितळतं आणि वितळताना दहा-पंधरा टक्के फुगतं. वर घट्ट मेणाचंच झाकण, बाजूला गोठलेला नळ, फुगलेल्या मेणाने जायचं कुठे? ते वरचा थर फोडून उसळतं, नाहीतर जॉइंटवर जोर देतं. यावर उपाय सोपा, रात्री मेण गोठायच्या आधी मधोमध एक स्टीलचा रॉड उभा ठेवायचा, सकाळी मंद आचेवर थोडं तापलं की तो ओढून काढायचा, वर यायला वाट होते. नळाला मात्र आधी हेअर ड्रायरने पाच-दहा मिनिटं गरम करायचं, मगच हँडल फिरवायचं, कारण बॉलच्या आत गोठलेलं मेण असताना जबरदस्ती केली तर सीट, म्हणजे बॉल ज्यावर घट्ट बसतो ती कडी, खराब होते. लायटरची ज्योत नळाला लावू नका, कृपा करून नका. आणि मेणाला कधी आग लागलीच तर पाणी अजिबात नाही, पाण्याची वाफ होताना आकारमान सतराशे पटीच्या आसपास वाढतं आणि पेटलेलं मेण खोलीभर उडतं. शेगडी बंद, वर घट्ट झाकण, बस. हातावर गरम मेण पडलं तर नळाखाली वीस मिनिटं वाहतं पाणी, आणि चिकटलेलं मेण ओरबाडायचं नाही.

ओतताना नळ पूर्ण उघडायचा नाही. मेणाची उंची १५ सेंटीमीटर असेल तर धार सेकंदाला दीड मीटरहून जास्त वेगाने सुटते, ग्लास सेकंद-दीड सेकंदात भरून वाहायला लागतो. पातळी खाली गेली की वेग कमी होतो, पण उंचीच्या प्रमाणात नाही, वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे मेण चतुर्थांश उरलं तरी वेग निम्मा असतो. मावशीला हे दोन दिवसांत हाताने समजलं, सुरुवातीला हँडल जरासं, शेवटी जास्त.

शेवटची खोड म्हणजे धार बंद केल्यावर मेण नळाच्या तोंडाला चिकटून मागे ओघळायचं, किटलीतून चहा ओतताना ओघळतो ना तसंच. याला १९५६ मध्ये मार्कुस राइनर या शास्त्रज्ञाने टीपॉट इफेक्ट असं नाव दिलं आणि त्याचा नीट सिद्धांत व्हिएन्ना आणि लंडनच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडला, एवढा हा साधा वाटणारा प्रश्न किचकट! आपल्या कामापुरतं इतकंच की तोंडाची कड गोलसर असेल तर द्रव तिला वळसा घालून मागे जातो, धारदार असेल तर सुटतो. कानशीने तोंडाची खालची कड घासून तीक्ष्ण केली, तेव्हा ओघळणं जवळजवळ थांबलं. मावशीने तरी खाली एक जुनी ताटली ठेवलीच आहे, त्यात पडलेले थेंब ती संध्याकाळी खरवडून परत पातेल्यात टाकते.