मोहाची दारू : बंदी आली, बंदी उठली, मोहा मात्र गुन्ह्यातच

मोहाची दारू आता बाटलीबंद होऊन शहरांतल्या बारमध्ये पोचली आहे. तिथे ती वास घेत, जिभेवर घोळवत चाखली जाते. फुलाचा गोडवा आणि धुराची झाक यांचं कौतुक होतं. हीच दारू गडचिरोली जिल्ह्यातल्या कोरची किंवा धानोरा तालुक्यात एखाद्या घरामागे निघाली, तर सडवा, म्हणजे आंबवलेली फुलं, ओतून देतात, भांडी जप्त होतात आणि गुन्हा दाखल होतो.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात. बाया आणि पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. ताजं फूल पांढरट-पिवळं आणि रसाळ असतं. वाळलं की मनुक्यासारखं तांबूस, सुरकुतलेलं होतं आणि त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर उरते. ही फुलं उकडून, भाजून खातात, आणि पुढे बियांचं तेल निघतं. दारूसाठी फुलं काही दिवस पाण्यात आंबवतात. हाच सडवा. तो चुलीवर तापवून वाफ थंड केली की आधी कडक, मग सौम्य होत जाणारी धार पडते. जन्म, लग्न, मरण आणि देवाचं काम यांपैकी काहीही या पहिल्या धारेवाचून गोंड-माडिया गावात पुरं होत नाही. नवसागर आणि काळा गूळ घालून काढलेली हातभट्टी ही वेगळी वस्तू आहे. बातम्यांत मात्र दोन्ही एकाच ओळीत येतात.

इंग्रजांना या फुलात महसूल दिसला. मुंबई इलाख्यात १८७८ मध्ये आबकारी कायदा आला आणि १८९२ मध्ये तर खास मोहफुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला. मध्य प्रांतात भट्ट्यांचे लिलाव होत. राज्य पुनर्रचनेनंतर, १९५९ मध्ये, मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा विदर्भालाही लागू झाला. त्यामुळे दारूच काय, घरात साठवलेलं फूलही संशयाखाली आलं.

पुढचा इतिहास जिल्ह्यांच्या बंदीचा आहे. वर्धा सत्तरच्या दशकात कोरडा झाला, गडचिरोली १९९३ मध्ये. चंद्रपूरला वेळ लागला. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत महिला पायी चालत गेल्या. त्यांची मागणी साधी होती : मजुरीचे पैसे घरी येण्याआधी वाटेतल्या दुकानात संपू नयेत. एप्रिल २०१५ मध्ये बंदी लागू झाली आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली.

या निर्णयावरचा वाद अजून शमलेला नाही. सरकारने तीन कारणं दिली : अवैध दारू वाढली, बाया-पोरं त्या धंद्यात ओढली गेली आणि महसूल बुडाला. पहिली दोन कारणं गंभीर आहेत, गावोगावी लोकांनी ते पाहिलं आहे. पण बाहेरच्या जिल्ह्यांतून आणि राज्यांतून गाड्या भरून दारू येत होती, ती अडवणं शासनाचंच काम होतं. ते जमलं नाही म्हणून बंदीच मागे घ्यायची, हे पायी चालत गेलेल्या बायांना काय म्हणून पटावं? महसुलाचं कारण तर त्यांच्यापुढे मांडण्याजोगंही नव्हतं.

दोन्ही बाजूंच्या मांडणीत एक गोष्ट राहून गेली. बंदी उठली ती परवानाधारक दुकानांवरची आणि बारवरची. देशीची दुकानं उघडली, विदेशीची उघडली. मोहाच्या भट्टीला २०१५ पूर्वी परवानगी नव्हती, बंदीच्या काळात नव्हती आणि बंदी उठल्यावरही मिळाली नाही. कारखान्याची दारू गावात परत आली, गावाची स्वतःची दारू गुन्ह्यातच राहिली. याच २०२१ मध्ये राज्याने मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध सैल केले. म्हणजे फूल वेचायला, साठवायला, विकायला हरकत नाही. चुलीवर चढवलं की हरकत.

छत्तीसगडची हद्द कोरचीहून फार लांब नाही. पलीकडच्या आदिवासी कुटुंबाला घरच्या वापरापुरती, ठरावीक मर्यादेत दारू काढायची कायद्याने मुभा आहे. लग्नसंबंध हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहेत. म्हणजे एकाच वऱ्हाडातल्या मुलीकडची धार कायदेशीर आणि मुलाकडची बेकायदा, असं होऊ शकतं.

खरं तर यावरचा मार्ग कागदावर आधीच आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल, क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचं नियमन करण्याचा अधिकार दिला आणि मोहफुलांसारख्या गौण वनोपजाची मालकीही दिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने ती पक्की केली. गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभांनी या अधिकाराचा पहिला अर्धा भाग वापरला आहे : विक्री करणाऱ्याला दंड, गावाची स्वतःची बंदी. दुसरा अर्धा, म्हणजे नियमन, तसाच पडून आहे. सणाला किती, कुणाच्या घरी, विकायची की नाही, हे गावाने ठरवायचं आणि ठाण्याने ते मानायचं, असं ठरायला हवं. त्यासाठी १९४९ चा राज्याचा कायदा आणि पेसा यांची सांगड घालावी लागेल. ते काम मुंबईतच होऊ शकतं.