सिन फ्लडिंगची सूचना: हल्ला की हापूसची गर्दी?

अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांकडे ऑनलाइन ऑर्डरींची झुंबड उडते. अशा वेळी साइट चालवणाऱ्या लिनक्स सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) ‘पॉसिबल सिन फ्लडिंग ऑन पोर्ट ४४३. सेंडिंग कुकीज’ अशी ओळ दिसली, की साइट हॅक झाल्याची ओरड सुरू होते आणि ‘हॅकिंग-प्रूफ’ पॅकेज विकणाऱ्यांचं फावतं. घाबरू नका. पोर्ट ४४३ या सुरक्षित वेब-जोडणीच्या दारापाशी जोडण्यांची रांग भरली, एवढंच ती ओळ सांगते.

टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर दोन यंत्रं जोडण्याची पद्धत. तिच्यात ग्राहकाचा फोन ‘सिन’ (जोडणीची विनंती) पाठवतो, सर्व्हर ‘सिन-ॲक’ (होकार) आणि मग फोन ‘ॲक’ (पोच). ॲक येईपर्यंत सर्व्हर अर्धवट जोडणीची नोंद धरून ठेवतो. सिन खोट्या पत्त्यावरून आलं असेल तर ॲक येतच नाही आणि नोंद मिनिटभर अडकते. अशा खोट्या सिनच्या भडिमारानं रांग भरून टाकणं म्हणजे सिन फ्लडिंग. सप्टेंबर १९९६मध्ये न्यूयॉर्कची पॅनिक्स ही इंटरनेट सेवा याच युक्तीनं ठप्प केली गेली.

डॅनियल बर्नस्टाइन यांनी त्याच महिन्यात सुचवलेला उपाय विलक्षण देखणा आहे: नोंद ठेवायचीच नाही! सिन-ॲकमध्ये ३२ बिटांचा क्रमांक जातोच. मूळ योजनेत त्यातले ५ बिट वेळेचे, ३ पॅकेटच्या कमाल आकाराचे आणि २४ बिट दोन्हीकडचे पत्ते, पोर्ट व गुप्त किल्ली यांच्या हॅशचे (त्यांपासून गणितानं काढलेल्या ठशाचे). हाच क्रमांक म्हणजे ‘सिन कुकी’. खरा ग्राहक ॲकमध्ये त्यात १ मिळवून परत पाठवतो. सर्व्हर १ वजा करतो, हॅश पुन्हा काढून ताडतो आणि जोडणी उभी करतो. खोट्या पत्त्यामागे लपलेल्याला तो क्रमांक दिसतच नाही.

आता निदान. ‘एसएस -एनटी स्टेट सिन-रिसीव्ह’ (ss -nt state syn-recv) या आज्ञेने अनोळखी पत्त्यांच्या अर्धवट जोडण्यांचा ढीग दाखवला, तर हल्ल्याचा संशय घ्या. ‘एसएस -एलएनटी’मध्ये (ss -lnt) रिसीव्ह-क्यू (उचलायच्या थांबलेल्या जोडण्या) सेंड-क्यूला (रांगेची मर्यादा) भिडला असेल आणि ‘एनस्टॅट -एझेड’मधला (nstat -az) लिसन-ओव्हरफ्लोजचा (रांग भरल्यानं गळालेल्या जोडण्यांचा) आकडा चढत असेल, तर ॲप्लिकेशन जोडण्या वेळेत उचलत नाही.

‘सोमॅक्सकॉन’ (somaxconn) ही लिनक्सची कमाल मर्यादा आणि ॲप्लिकेशनने मागितलेला बॅकलॉग (रांगेची लांबी) यांत जो लहान, तीच रांगेची मर्यादा. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या ५.४ आवृत्तीआधी सोमॅक्सकॉन १२८ होता, पुढे ४०९६ झाला. पण एनजिनएक्स हा वेब सर्व्हर स्वतःहून ५११च मागतो. त्यामुळे त्याच्या सेटिंगमधल्या लिसनच्या ओळीतही बॅकलॉग वाढवून ती सेटिंग पुन्हा लोड करावी लागते. डेटाबेस संथ असेल तर मात्र लांब रांगेनं ग्राहक नुसता ताटकळतो. आधी डेटाबेस सुधारा.

सिनकुकीज ही सेटिंग ० (बंद) करण्याचा सल्ला ऐकू नका. तसं केलं की ‘सेंडिंग कुकीज’च्या जागी ‘ड्रॉपिंग रिक्वेस्ट’ येतं आणि खऱ्या ऑर्डरीही गळतात. शिवाय ही सूचना एरवी सर्व्हिस पुन्हा सुरू होईपर्यंत प्रत्येक पोर्टसाठी एकदाच उमटते. ती परत दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, एनस्टॅटचे आकडे बघत राहा.