गव्हावरच्या फवारणीची वेळ आणि तांबेऱ्याची जुनी वाट

कऱ्हाड-वाळव्याच्या पट्ट्यात ऊस तुटला की त्याच रानात गहू पेरतात. तोड लांबली की पेरणी लांबते, आणि ओंबी भरायच्या वेळीच ऊन तापू लागतं. काळ्या तांबेऱ्याला, म्हणजे गव्हावरच्या एका बुरशीजन्य रोगाला, ही ऊब मानवते. म्हणून फवारणीची एकच ठरलेली तारीख इथे चालत नाही.

तांबेरा बियाण्यातून येत नाही, तो वाऱ्यावर येतो. आग्रा कॉलेजचे प्रा. करमचंद मेहता यांनी 1920 आणि 1930 च्या दशकांत दाखवून दिलं की मैदानी उन्हाळ्यात ही बुरशी टिकत नाही. ती थंड डोंगरांवर तग धरते. पुढे 1970 च्या दशकात एस. नागराजन आणि सहकाऱ्यांनी दक्षिणेकडची वाट उलगडली: निलगिरी-पळणी डोंगरांतले काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू नोव्हेंबरमधल्या बंगालच्या उपसागरातल्या वादळांबरोबर उत्तरेला येतात आणि पावसासोबत पिकावर उतरतात. 1946-47 मध्ये मध्य भारतातला गहू याच रोगाने बुडाला होता.

तेव्हा औषधापेक्षा वाणावरच भिस्त होती. निफाडला केनियाच्या गव्हाशी संकर करून ‘केनफाड’ वाण निघाले. महाबळेश्वरच्या गहू गेरवा (म्हणजे तांबेराच) संशोधन केंद्रात आजही तांबेऱ्याची मुद्दाम लागण करून वाण पारखले जातात. आपल्या कृष्णाकाठच्या खपली गव्हाचा तर अभिमानच वाटावा: अमेरिकेत वनस्पतिरोगतज्ज्ञ स्टॅकमन यांनी काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखायला जे 12 गहू निवडले, त्यांत ‘खपली’ होता.

1960 च्या दशकात मँकोझेब हे बुरशीनाशक आलं. ते पानावर थर धरतं, म्हणून लागणीआधी मारलं तरच उपयोगी. नंतरचं प्रोपिकोनॅझोल पानात शिरतं, नुकती झालेली लागणही रोखतं. त्यामुळे पहिले फोड दिसताच फवारायला (25 ईसी, म्हणजे 25 टक्के तीव्रतेचं द्रव औषध, लिटर पाण्याला 1 मिली) वाव मिळाला.

पण ते फोड दिसायला रानात वाकावं लागतं. दव पडत असेल, ढगाळ असेल, तर पीक पोटरीत आल्यापासून, म्हणजे ओंबी बाहेर पडण्याआधीपासून, दर चार दिवसांनी खालची पानं उलटीपालटी करून पाहावीत. पानावर विखुरलेले नारिंगी-तपकिरी ठिपके, पुसल्यावर बोटाला लागणारी भुकटी, हा नारिंगी तांबेरा. काळा तांबेरा मुख्यतः खोडावर येतो. त्याचे लांबट फोड साल फाडून वर येतात. ओंबीखालचं शेवटचं पान दाण्याला सर्वांत जास्त पोसतं, त्यामुळे तिथवर रोग चढण्याआधीच पंप बाहेर काढायला हवा. दाणा पिकत आल्यावर फवारलं तर खर्च निघत नाही, शिवाय फवारणी ते काढणी यांतलं लेबलावरचं अंतरही पाळता येत नाही.